‘जैसे थे’ कराराची चार पुस्तकं



पत्रिकेवर विषय छापलाय ‘हैदराबादचा जैसे थे करार’. तेवढंच बोलायचं असतं तर वीस मिनिटांत उरकलं असतं, कारण करार अवघ्या पाच कलमांचा आहे. मला आज करारापेक्षा त्याच्याबद्दल लिहिलेल्या पुस्तकांवर बोलायचं आहे. कराराची बोलणी करणारा, करार राबवायला पाठवलेला, करार मोडल्याचा आरोप झेलणारा आणि करारात ज्याला कुठेच जागा नव्हती असा, अशी चार माणसं पुढे लेखक झाली. चौघांनी आपापली हकीकत लिहून ठेवली. ही पुस्तकं आपल्याकडे साधन म्हणून वापरतात. कुणी त्यातनं तारीख काढतो, कुणी उतारा. पण लेखन म्हणून त्यांची परीक्षा फारशी होत नाही. ती करावी, आणि सोलापुरात करावी, असं मला वाटतं.

सोलापुरात का, तर १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे जनरल चौधरींचे रणगाडे आपल्याच नळदुर्ग रस्त्यानं निघाले. पहिल्याच सकाळी नळदुर्ग, बोरी नदीवरचा पूल, मग जळकोट, उमरगा, आणि पाच दिवसांत हैदराबाद. हे पाच दिवस आपल्याला पाठ आहेत. पण २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात सहीशिक्क्याचा करार झाला होता. त्या दिवसापासून रणगाडे निघेपर्यंत २८९ दिवस गेले. या २८९ दिवसांत दोन सरकारं कागदोपत्री एकमेकांशी सहकार्य करत होती. एकाचा प्रतिनिधी दुसऱ्याच्या राजधानीत बसला होता. पत्रं जात होती, मसुदे येत होते. एवढ्या मोठ्या संस्थानाची, म्हणजे १ कोटी ६३ लाख लोकसंख्येच्या मुलखाची सत्ता शेवटी कुणाकडे जाणार हे शांतपणे ठरावं, यासाठी हे दिवस राखून ठेवले होते. ते कसे गेले, हे आपण विचारत नाही. विजय झाला की बोलणी कुणाला आठवतात?

आता करार काय होता ते आधी पाहू, म्हणजे पुस्तकांकडे जाता येईल.

ऑगस्ट १९४७ मध्ये बाकीची बहुतेक संस्थानं सामील झाली. हैदराबादला माउंटबॅटन यांनी दोन महिन्यांची मुदतवाढ मिळवून दिली. ऑक्टोबरमध्ये मसुदा तयार झाला, निजामाच्या मंत्रिमंडळानं बहुमतानं मान्य केला, आणि शिष्टमंडळ दिल्लीला निघणार त्याच पहाटे, २७ ऑक्टोबरला, इत्तेहादच्या जमावानं शिष्टमंडळातल्या लोकांच्या घरांना वेढा घातला. नवाब छतारी आणि निजामाचे घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर माँक्टन दोघेही बाहेर फेकले गेले. नवं शिष्टमंडळ आलं, महिनाभर घासाघीस झाली, आणि शेवटी सही झाली ती जवळजवळ जुन्याच मसुद्यावर. म्हणजे मसुदा तोच, माणसं बदलली. आणि बदललेली माणसं त्या मसुद्यावर मनापासून विश्वास नसलेली होती.

कलमं अशी. पहिलं : १५ ऑगस्टपूर्वी इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांबाबत जी व्यवस्था होती तीच आता भारत आणि निजाम यांच्यात चालू राहील, मात्र अंतर्गत बंदोबस्तासाठी फौज पाठवायचं बंधन किंवा हक्क भारताला नाही. दुसरं : दोघांनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमायचे आणि त्यांना सर्व सोयी द्यायच्या. तिसरं : यातनं भारताला सार्वभौम वरचष्म्याचा अधिकार मिळत नाही. चौथं : वाद झाला तर लवाद, दोघांचा एकेक पंच आणि त्या दोघांनी निवडलेला सरपंच. पाचवं : करार आजपासून लागू, मुदत एक वर्ष.

बघा, यंत्रणा म्हणून यात काय कमी आहे? प्रतिनिधी आहेत, लवाद आहे, मुदत आहे. एकच गोष्ट नाही. वर्ष संपल्यावर काय, हे नाही. दिल्लीच्या लेखी हे वर्ष सामीलनाम्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा थांबा होतं. हैदराबादच्या लेखी ते स्वतंत्र राज्य म्हणून उभं राहायला मिळालेली उसंत होती. एकाच एसटीत दोघं शेजारी बसलेत, एकाला तुळजापूरला जायचंय आणि दुसऱ्याला पंढरपूरला, आणि गाडीवर पाटीच नाही! अशा गाडीत सहकार्य म्हणजे खिडकी कुणी उघडायची एवढंच उरतं.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं. या चार लेखकांपैकी तिघांनी कराराला स्वतःचा अर्थ लावला, तो अर्थच करार होता असं धरून पुस्तक लिहिलं, आणि म्हणून समोरच्याची प्रत्येक कृती विश्वासघात ठरवली. चौथ्याला हा प्रश्नच पडला नाही, कारण त्याला कुणी गाडीत घेतलंच नव्हतं.

पहिलं पुस्तक व्ही. पी. मेनन यांचं, ‘द स्टोरी ऑफ द इंटिग्रेशन ऑफ द इंडियन स्टेट्स’, १९५६ चं. संस्थानी खात्याचे सचिव, सरदार पटेलांचा उजवा हात. हैदराबादला त्यांनी तीन प्रकरणं दिली आहेत. दुसऱ्या कुठल्याही संस्थानाच्या वाट्याला एवढा ऐवज येत नाही. लिखाण कसं, तर फाईलसारखं. अमुक तारखेला अमुक आले, असं म्हणाले, मी असं सांगितलं. पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं की हा कंटाळाच या पुस्तकाची ताकद आहे. हा माणूस आवाज चढवत नाही. जून १९४८ च्या शेवटच्या बोलण्यांत मसुदा, दुरुस्ती, पुन्हा मसुदा, पुन्हा दुरुस्ती, हा जो खेळ झाला तो मेनन यांच्याइतका बारकाईनं कुणी लिहिलेला नाही. निजामानं तो मसुदा नाकारला आणि २१ जूनला माउंटबॅटन देश सोडून गेले. तिथून पुढे खरं तर बोलण्यांत जीव नव्हता.

पण फाईलची म्हणून एक खोड असते. फाईलमध्ये आपल्या टेबलावर आलेले कागद असतात. टेबलाच्या पलीकडचा माणूस त्यात फक्त ‘उत्तर समाधानकारक नाही’ एवढाच असतो. मेनन यांच्या पुस्तकात हैदराबादनं करार मोडल्याचे दाखले नीट मांडलेले आहेत. दोन वटहुकूम, एक मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घालणारा आणि दुसरा भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवणारा. शिवाय पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज, तेही भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपात. हे सगळं खरं आहे. प्रश्न पुढचा आहे. चौथं कलम लवादाचं होतं. हैदराबादनं लवाद मागितला. दिल्लीनं तो दिला नाही. एवढा बारीक हिशेब ठेवणारा लेखक या एका जागी घाईत दिसतो. लवाद दिला असता तर निकाल कदाचित भारताच्या बाजूनंही लागला असता. रोख्यांचं प्रकरण तसं अवघडच होतं हैदराबादला. पण लवाद मान्य करणं म्हणजे समोरचा आपल्या बरोबरीचा आहे हे मान्य करणं, आणि दिल्लीला नेमकं तेच मान्य करायचं नव्हतं. मेनन यांनी हे सरळ लिहिलं असतं तर पुस्तक अधिक मोठं झालं असतं. त्यांच्यासारख्या माणसाला ते लिहिता येणार नाही असं नव्हतं.

चलनाच्या वटहुकुमाबद्दल इथे जरा थांबतो. पुस्तकांत तो एका परिच्छेदात येतो आणि जातो. सोलापूरच्या माणसाला तो परिच्छेद वाटायला नको. निजामाचा रुपया हाली, आपला कलदार. सरकारी भाव सात हालीला सहा कलदार. इथल्या पेठेतला व्यापार निम्मा पलीकडच्या मुलखाशी. उस्मानाबाद, तुळजापूर, लातूरकडचा कापूस नि धान्य इकडे, इथलं कापड तिकडे, मध्ये करोडगिरीचे नाके. आपल्या पूर्व भागातली कितीतरी पद्मशाली घरं तेलंगणातनं, म्हणजे निजामाच्या राज्यातनंच आलेली. त्यांचे सोयरे तिकडे. रेल्वे बघा. मुंबईहून मद्रासला जाणारी गाडी सोलापूर सोडून थोडं पुढं गेली की निजामाच्या हद्दीत शिरायची. बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून निघून लातूरला, म्हणजे पुन्हा हद्दीपार. आणि हद्द म्हणजे सरळ रेघ नव्हे. यांची गावं त्यांच्यात, त्यांची यांच्यात. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं आपलं नान्नज त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं! मग ‘दळणवळणाबाबत पूर्वीची व्यवस्था चालू राहील’ हे पहिल्या कलमातलं वाक्य प्रत्यक्षात कुठे तपासलं जाणार? दिल्लीत नाही, गंगापूर स्टेशनवर. २२ मे १९४८ ला तिथे मद्रासहून मुंबईला जाणाऱ्या गाडीवर रझाकारांनी हल्ला केला. जुलैमध्ये नान्नजला भारतीय जवानांवर हल्ला झाला, चकमक झाली, आणि गाव भारतीय फौजेनं ताब्यात घेतलं. करार तेव्हाही कागदावर चालूच होता.

दुसरं पुस्तक कन्हैयालाल मुन्शींचं, ‘द एंड ऑफ ॲन इरा’, १९५७. हे चारांतलं सगळ्यांत वाचनीय. मुन्शी गुजरातीतले मोठे कादंबरीकार. पात्र उभं करणं त्यांना येतं. दुसऱ्या कलमाप्रमाणे भारताचे एजंट-जनरल म्हणून ते जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादला गेले. ‘सर्व सोयी’ द्यायचं कलम होतं, पण राहायच्या घरापासूनच कुरकूर सुरू झाली, आणि शेवटी त्यांना बोलारमला भारतीय लष्कराच्या ताब्यातल्या जागेत मुक्काम करावा लागला. निजामाचा कंजूषपणा, मंत्र्यांची नजर चुकवणं, लातूरच्या एका वकिलाचं म्हणजे कासिम रझवीचं वाढत गेलेलं प्रस्थ, हे सगळं मुन्शी फार सुंदर रंगवतात.

आणि नेमकं तिथेच मला अडचण वाटते. दोन सरकारांमधला प्रतिनिधी म्हणजे काय? निरोप्या? मध्यस्थ? की आपल्या पक्षाचा शत्रूच्या गोटातला माणूस? मुन्शी दिल्लीला अहवाल पाठवत होते, स्टेट काँग्रेसच्या लोकांना भेटत होते, सरदारांशी त्यांचा थेट संपर्क होता. यात देशाच्या दृष्टीनं गैर काही नाही. पण पुस्तकात ते स्वतःला दोन भूमिकांत एकाच वेळी उभं करतात. शांततेचा शेवटचा प्रयत्न करणारा दूतही तेच, आणि एका युगाचा अंत आतून घडवणारा नायकही तेच. नावच बघा ना पुस्तकाचं. युगाचा अंत होणार हे ज्याला पहिल्या पानापासून ठाऊक आहे तो बोलणी यशस्वी करायला गेला होता असं वाचकानं कसं मानायचं? पोलीस कारवाई सुरू झाल्यावर त्यांना त्यांच्याच मुक्कामी अडकवून ठेवलं, आणि चारच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाला नभोवाणीवर काय बोलायचं याचा सल्ला देणारेही तेच होते. कादंबरीकाराला याहून चांगलं शेवटचं प्रकरण मिळायचं नाही. मला मात्र ते प्रकरण वाचताना वाटतं, की जानेवारी ते सप्टेंबर या काळात ते तिथे कशासाठी होते, या प्रश्नाचं उत्तर लेखकानं नाट्याच्या पडद्याआड ठेवून दिलंय.

तिसरं पुस्तक आपल्याकडे कमी वाचलं जातं. मीर लायक अली, ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’, १९६२, कराचीहून प्रसिद्ध. व्यवसायानं इंजिनियर, उद्योगपती, आणि कराराच्या काळात निजामाचे पंतप्रधान. कारवाईनंतर नजरकैदेत होते. १९५० मध्ये तिथून निसटून पाकिस्तानात गेले. ‘त्या माणसाचं पुस्तक कशाला वाचायचं’ असं म्हणणारे भेटतात. वाचायला पाहिजे. करार दोघांचा असतो, एकाची बाजू वाचून तो कळत नाही.

लायक अलींचं पुस्तक आर्जवाचं आहे. आम्ही करार पाळला, तुम्ही आमचा माल अडवलात, औषधं अडवलीत, करारानं द्यायची शस्त्रं दिली नाहीत, पाकिस्तानच्या कर्जाचा निर्णय कराराच्या आधीचा होता. यातलं काही अगदीच पोकळ नाही. भारत सरकारनं नाकेबंदी जाहीर केली नव्हती, पण सीमेवर माल अडत होता. पण लायक अलींच्या पुस्तकातली मोठी पोकळी वेगळीच आहे. ते हैदराबाद म्हणतात तेव्हा त्यात कोण येतं? निजाम येतो, मंत्रिमंडळ येतं, दिल्लीशी बोलणारे चार मुत्सद्दी येतात. शेतात राबणारा मराठी, तेलुगू, कानडी माणूस, जो संस्थानात बहुसंख्य होता, तो येत नाही. रझाकार येतात ते बाहेरच्या दबावाची प्रतिक्रिया म्हणून. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला मे १९४८ मध्ये जे हत्याकांड झालं ते कुणाची प्रतिक्रिया होती? सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानानं शस्त्रं आणत होता, ती ‘जैसे थे’ व्यवस्था होती काय? एक वर्षाचा करार करायचा, त्या वर्षात शस्त्रं जमवायची, आणि मग करार मोडल्याबद्दल समोरच्याला दोष द्यायचा, हे आर्जव कितीही सभ्य इंग्रजीत केलं तरी टिकत नाही. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. परिषदेत ती १६ सप्टेंबरला आली, आणि दुसऱ्या दिवशी हैदराबाद शरण गेलं. लायक अली याला शोकांतिका म्हणतात. शोकांतिकेत नायकाचा स्वतःचा दोष असावा लागतो. तो यांच्या पुस्तकात सापडत नाही.

चौथं पुस्तक स्वामी रामानंद तीर्थांचं, ‘मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल’, १९६७. त्याचा मराठी अनुवादही आहे. स्वामीजी म्हणजे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, शिकायला काही काळ इथंच सोलापुरात होते, म्हणून आपण त्यांना आपलेच मानतो. लेखक म्हणून मी त्यांना फार वरचे गुण देणार नाही. पुस्तक घाईचं आहे, बरेच प्रसंग नावांच्या यादीवर भागवलेत, आणि संघटनेतल्या वादांवर ते हातचं राखून लिहितात. पण या विषयावर त्यांचंच पुस्तक मला सगळ्यांत जास्त शिकवतं, ते कशामुळे सांगतो.

त्यांचा आणि कराराचा संबंध पाहा. १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांना अटक झाली होती. करार झाल्यावर सुटका. जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक, आणि त्यानंतर बाहेर आले ते थेट १७ सप्टेंबरला. म्हणजे करार चालू होता त्यातला बहुतेक काळ हा माणूस तुरुंगात. दिल्लीशी बोलणी करणारं सरकार स्वतःच्या राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या लोकपक्षाच्या अध्यक्षाशी एक शब्द बोलत नव्हतं. स्टेट काँग्रेसच्या मागण्या दोनच होत्या, भारतात विलीनीकरण आणि जबाबदार राज्यपद्धती. करारात दोन्ही नाहीत. त्या मागण्या मांडायला टेबलावर खुर्चीही नाही. मग त्या कुठे मांडल्या गेल्या? सीमेवरच्या कॅम्पांत. बार्शीकडे, सोलापूरकडे, तिकडे मनमाडकडे. पलीकडून पळून आलेली कुटुंबं आणि कार्यकर्ते याच पट्ट्यात होते. दोन सरकारं एकमेकांना पत्रं लिहीत होती, आणि ज्यांच्याबद्दल लिहीत होती ते इथल्या धर्मशाळांत नि माळांवर होते.

चिठ्ठी आली आहे. ‘तुम्ही कराराला दोष देता, पण लोकांना विचारून सत्तांतर जगात कुठे झालंय?’ चांगला प्रश्न आहे. दोन उदाहरणं देतो, एक आपल्याकडचं, एक बाहेरचं.

बाहेरचं हाँगकाँगचं. डिसेंबर १९८४ मध्ये ब्रिटन आणि चीननं संयुक्त जाहीरनामा केला आणि १ जुलै १९९७ ही हस्तांतराची तारीख ठरवली. मधल्या काळासाठी एक संयुक्त संपर्क गट नेमला. दोन्हीकडचे पाच-पाच सदस्य, बैठका पेकिंग, लंडन आणि हाँगकाँगला, आणि १९८८ पासून मुख्य ठाणं हाँगकाँगमध्येच. हस्तांतर झाल्यावरही तो गट १ जानेवारी २००० पर्यंत चालू ठेवला. त्याच्या नियमातच लिहिलं होतं की हा गट सत्तेचं अंग नाही, राज्यकारभारात त्याचा हात असणार नाही. हैदराबादशी ताडून बघा. तिथे कुठे जायचं हे आधी ठरलं होतं, म्हणून कसं जायचं यावर तेरा वर्षं बसता आलं. वाद झाले, मोठे झाले, पण विमानतळापासून न्यायालयापर्यंतचे वाद बोलून चालवायला जागा होती. आता चिठ्ठीवाल्यांचं म्हणणं इथे खरं ठरतं. हाँगकाँगच्या लोकांना त्या टेबलावर स्वतःची खुर्ची नव्हतीच. नंतर तिथे जे झालं ते आपण बातम्यांत पाहिलंय.

आपल्याकडचं पाँडिचेरीचं. १८ ऑक्टोबर १९५४ ला किळूर गावात तिथले निवडून आलेले १७८ प्रतिनिधी जमले. १७० विलीनीकरणाच्या बाजूनं, ८ विरोधात. तीन दिवसांनी दोन सरकारांचा करार, १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे. कायदेशीर हस्तांतराचा तह १९५६ ला, आणि तो अमलात आला १६ ऑगस्ट १९६२ ला. आठ वर्षं कायद्यानं फ्रान्सचं आणि कारभारानं भारताचं, असा मुलूख चालला, आणि कुणी रणगाडा काढला नाही. कीळूरची पद्धत आदर्श होती असं मी म्हणत नाही, १७८ म्हणजे काही सगळी जनता नव्हे, आणि त्याआधी तिथेही झटापटी झाल्या होत्या. पण लोकांचा म्हणून काही एक आकडा कागदावर आला आणि त्यानंतर मुत्सद्दी बसले. क्रम बघा. गोव्यात सालाझार बोलायलाच तयार नव्हता, त्यामुळे तिथे बोलण्यांची परीक्षा करायला काही उरतच नाही.

आणखी एक चिठ्ठी आहे. ‘सुंदरलाल अहवालाबद्दल बोलणार का?’ बोलणार होतोच.

मेनन त्यांच्या पुस्तकात लिहितात की कारवाईच्या काळात भारतभर कुठेही जातीय दंगल झाली नाही. वाक्य खरं आहे. पण ते भारताबद्दलचं वाक्य आहे. हैदराबादच्या आत काय झालं हे पाहायला सरकारनंच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते फिरले. त्यांचा अंदाज, कारवाईच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चार जिल्ह्यांतच १८ हजारांहून कमी नाहीत, असं ते म्हणतात. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. आकड्यांवर वाद घालणारे आहेत, घालावा. पण उस्मानाबाद इथून दीड तासावर आहे, आणि यातली कित्येक गावं आपण नावानिशी ओळखतो.

रझाकारांनी जे केलं त्याचा हा सूड होता, असं काही जण लगेच म्हणतात. सूड होता, आणि रझाकारांच्या अत्याचारात ज्यांचा हात नव्हता त्यांच्यावरही तो उगवला गेला. मला या जागी पुन्हा करार आठवतो. २८९ दिवस होते. गावातला पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी कुणाचा हुकूम मानणार, रझाकारांची हत्यारं कोण गोळा करणार, मुसलमान मोहल्ल्याच्या रक्षणाला कोण उभं राहणार, पळून आलेल्यांना घरं परत कशी मिळणार, यांतल्या एकाही गोष्टीची तयारी दोन सरकारांनी मिळून केली नाही. करायची म्हटली असती तर सत्ता बदलणार हे आधी कबूल करावं लागलं असतं, आणि ते हैदराबादला कबूल नव्हतं. दिल्लीला ती बरोबरीच्या नात्यानं करायची नव्हती. नकाशातली गुंतागुंत, म्हणजे यांच्यात त्यांची गावं वगैरे, ती १९५० च्या आदेशानं एका फटक्यात सुटली. ते काम दोन सर्व्हेअर बसवून १९४८ मध्येही सुरू करता आलं असतं.

मुन्शींची निजामाच्या दरबाराची वर्णनं जरूर वाचा, मेनन यांच्या मसुद्यांच्या तारखा जरूर जुळवा. लायक अलींचं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर रागावून मिटू नका. पण चारही वाचताना एक काम करा. पेन्सिल घेऊन प्रत्येक प्रकरणात गावाचं नाव आलं की खूण करा, दिल्ली आणि हैदराबाद सोडून. मी केलंय. स्वामीजींच्या पुस्तकात खुणा भरपूर होतात. बाकी तिघांत पेन्सिल फारशी झिजत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. माइक मागे द्या जरा.